नाल्याच्या अल्याडचे दगड

मथुराबाईला राग यायला निमित्त लागत नाही, असं भिलाईच्या हुडको वसाहतीतली तिची गल्ली म्हणायची, आणि गल्लीचं काही चुकत नव्हतं. नळाला पाणी उशिरा आलं की राग, भाजीवाल्यानं काटा दाबला की राग, आणि एखाद्या पोरीनं 'आंटी' म्हटलं तर विचारूच नका. "आंटी असंन तुही सासू," असं तोंडावर सांगणारी बाई ती. नवरा पोलादाच्या प्लँटात कोक ओव्हनला होता. बत्तीस वर्षं भट्टीसमोर काढलेला माणूस, पण तोही म्हणायचा की तिकडची धग परवडली, ड्यूटी संपली की संपते. तो जाऊन सहा वर्षं झाली.

पण हा सगळा चिल्लर राग होता. खरा राग मथुराबाईनं चौदा वर्षं झाकून ठेवला होता, आणि तो ज्याच्यापासून झाकला तो तिचा एकुलता एक मुलगा, शुभम.

तिचं माहेर बेहडाटोला. गडचिरोली जिल्ह्याच्या अगदी टोकाचं गाव. गावाला लागून नाला, नाल्याच्या अल्याड महाराष्ट्र, पल्याड छत्तीसगड. उन्हाळ्यात त्या नाल्यात घोट्याएवढंही पाणी नसतं, तरी नकाशावर ती दोन राज्यांची शीव. गावची गुरं सकाळी छत्तीसगडात चरतात आणि संध्याकाळी महाराष्ट्रात दूध देतात, असं तिचा धाकटा भाऊ केवलराम म्हणायचा. त्याला असल्या गोष्टी सुचायच्या. सव्वीस वर्षांचा होता. एका चैत्रात पहाटे टोपली घेऊन मोहाची फुलं वेचायला गेला, घरापासून हाकेच्या अंतरावर, वाटेवरच्या मोठ्या मोहाखाली. गस्तीवरच्या तुकडीनं गोळ्या घातल्या. दोन. गाव धावत गेलं तेव्हा टोपली उलटी पडलेली आणि फुलं त्याच्या अंगावर सांडलेली.

कागदावर मात्र लिहिलं गेलं की नाल्याच्या पल्याड, दाट जंगलात, चकमकीत एक अनोळखी इसम मारला गेला. अनोळखी! ज्याला अख्खं गाव नावानं हाका मारायचं तो अनोळखी. मथुराबाई आईला घेऊन अल्याडच्या कचेरीत गेली तर उत्तर मिळालं, "प्रकरण पलीकडचं आहे, पलीकडे जा." पलीकडे गेली तर, "हमारे यहाँ तो ऐसा कोई मरा ही नहीं." मायलेकी दोन राज्यांच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. शेवटी मथुराबाईनं एका साहेबाला विचारलंच, "मंग मेला कुठं तो? हवेत?" साहेबानं शिपायाला बोलावून त्यांना बाहेर काढलं. आई त्याच साली गेली.

त्या भागात एक जुनी रीत आहे. वाटेवर कुणाला अवेळी मरण आलं, वाघानं नेलं, वीज पडली, साप डसला, की त्या जागी दगड ठेवायचा. पहिला दगड घरचा. मग येणारा-जाणारा प्रत्येक जण एकेक दगड टाकत जातो, ओळखीचा असो की परका. आणि ठेवलेला दगड कुणी उचलायचा नाही, गुराखी पोरंसुद्धा त्याला हात लावत नाहीत. मोहाखाली केवलरामची रास अशीच उभी राहिली. पहिला दगड मथुराबाईनं ठेवला. आईच्या जात्याची वरची पाळी, मधोमध फुटलेली, अर्ध्या तोंडाची. तिच्यावर दरवर्षी भाऊबीजेला ती एक दगड ठेवायची, तिथंच ओवाळायची आणि दुसऱ्या दिवशी भिलाईला परत. भावाकडून तिला त्या दिवशी काय मिळायचं म्हणाल, तर घसा फुटेस्तोवर रडायला एकांत. पुढं तो एकांतही गेला, कारण चार वर्षांनी तिथं सुरक्षा दलाचा कॅम्प आला. काटेरी तारेचं कुंपण राशीपासून दोन हातांवर येऊन थांबलं, त्यावर पाटी लागली, आणि आत एक जनरेटर सुरू झाला तो रात्रंदिवस धडधडतच राहिला.

कागद काहीही म्हणो, केवलराम अल्याड पडला एवढं सांगायला ती रास होती. गावाकडं दुसरा पुरावा नव्हता. भिलाईजवळच्या पद्मनाभपूरच्या एका वकीलबाईंनी ते जुनं प्रकरण चिकाटीनं उकरून काढलं आणि जागेची पाहणी व्हावी असा कोर्टाचा हुकूम मिळवला. यंदाच्या दिवाळीनंतर अधिकारी बेहडाटोल्याला येणार होते. "गावातली चार माणसं बोलतील आणि रास दिसेल, एवढं पुरे आहे," असं वकीलबाई म्हणाल्या होत्या.

आणि शुभम? तो तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याला सांगितलं, मामा मलेरियानं गेला. बापासारखा प्लँटात लागेल, तर पोलिस व्हेरिफिकेशन होईल, आणि तिथं चकमकीत मेलेला मामा निघाला तर पोराचं भवितव्य त्या नाल्यातच बुडेल, हे मथुराबाईनं तेव्हाच ताडलं होतं. तिनं नात्यातल्या भावजयीला, सिंधुताईला, आणि तिच्यामार्फत अख्ख्या गावाला शपथ घातली की माझ्या पोरासमोर केवलरामचा 'के'सुद्धा काढायचा नाही. गावानं शब्द पाळला. गरीब माणसं शब्द फार पाळतात, हीच त्यांची खोड.

शुभम मोठा झाला, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलायला लागला, भिलाईच्या कैंप-1 वस्तीतल्या नरेशच्या व्हिडिओच्या दुकानात लग्नांचं शूटिंग करायला लागला. प्लँटची परीक्षाही पास झाला. व्हेरिफिकेशन तेवढं बाकी होतं.

मागच्या साली नरेशकडं पुण्याचा एक फिल्मवाला आला. समीर त्याचं नाव. सीमेवरचं जंगल आणि तिथल्या माणसांच्या आठवणी यावर त्याला डॉक्युमेंटरी करायची होती. वाट माहीत असलेला पोरगा हवा होता. शुभम म्हणाला, माझ्या मम्मीचं माहेर तिकडचंच आहे. झालं. समीर हुडकोतल्या घरी आला, जमिनीवर मांडी घालून जेवला, दोनदा भात मागून घेतला, आणि कॅमेरा लावून बसला. मथुराबाई बोलली. मोह, चारोळी, तेंदू, नाल्यातले मासे, सगळं बोलली. माणूस ऐकणारा वाटला. तिनं शुभमला दूध आणायला पिटाळलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर केवलरामची गोष्ट सांगितली, गोळ्यांसकट, राशीसकट.

"हे माह्या पोराले सांगू नका," ती शेवटी म्हणाली.

"शब्द देतो, मावशी," समीर म्हणाला.

त्यानंही शब्द पाळला, हेच तर दुखणं.

दिवाळीला महिना उरला असताना फिल्म भिलाईत दाखवायचं ठरलं. सेक्टरातल्या एका मंडळाचा हॉल. मथुराबाईचा मान मोठा, तिला पहिल्या रांगेत बसवलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळं दोन वर्षं ती माहेरी गेली नव्हती, तेव्हा जंगल पडद्यावर तरी बघायला मिळेल म्हणून ती नवं लुगडं नेसून आली होती. शेजारी शुभम, मागं नरेश आणि बरीच शिकलेली माणसं.

पडदा उजळला आणि धुकं आलं. धुक्यातून झाडं आली. वरून, घारीच्या नजरेनं, मैलोन् मैल जंगल. पानावरून थेंब घरंगळला तो इतका सावकाश की मथुराबाईला वाटलं, मशीन बिघडलं. मग पाखरं बोलायला लागली. कोतवाल, मैना, भारद्वाज, एकामागून एक. ती कान देऊन ऐकत राहिली. बराच वेळ गेला आणि तिच्या ध्यानात आलं की आपण कशाची तरी वाट बघतोय. जनरेटर कुठं आहे? दहा वर्षं त्या गावात जनरेटरशिवाय पाखरू ऐकू आलेलं नाही. तो आवाज गेला कुठं? तार कुठं आहे? पाटी कुठं आहे? बंदूक घेऊन वाटेनं जाणारं एक तरी माणूस? काहीच नाही. पुसून घेतलेल्या ताटासारखं स्वच्छ जंगल.

आणि मग रास आली. सकाळच्या उन्हात न्हालेली, भोवती नेचे, मागं चमकणारं पाणी. तिच्यावर मथुराबाईचाच आवाज आला, "दगड ठेवला का माणूस राहते." त्यानंतर एका पुरुषाचा मऊ, साखरेत घोळलेला आवाज म्हणाला की इथली माणसं आपलं दुःख जंगलाच्या कुशीत ठेवून जातात, जंगल विसरत नाही, जंगल माफ करतं.

मथुराबाईचं लक्ष त्या आवाजाकडं नव्हतं. ती पाण्याकडं बघत होती. मोहाजवळ पाणी कुठून आलं? कॅमेरा जवळ गेला. राशीच्या अगदी वर, सगळ्यांना दिसेल अशी, जात्याची अर्धी पाळी ठेवली होती. जी तळाशी असायची ती. आणि मागं तो सपाट काळा खडक होता, ज्यावर लहानपणी ती धुणं वाळत घालायची. तो खडक नाल्याच्या पल्याड आहे.

ती उठून उभी राहिली. पडद्यावर तिची सावली पडली.

"हे दगड तिथले नोहोत!"

मागून कुणीतरी "बैठ जाइए, माताजी" म्हणालं.

"कावून बसू? माह्या भावाचे दगड हायेत ते! अल्याडचे दगड पल्याड कोनं नेले? बंद कर थे! बंद कर पैले!"

नरेशनं घाबरून दिवे लावले. समीर धावत आला, तिला हात धरून बाजूला न्यायला लागला. तिनं हात झटकला.

"मावशी, ऐका तरी. कॅम्पची परवानगी होती, पण अट होती. तार, पाटी, माणसं, काहीही फ्रेममध्ये येता कामा नये. तुमची रास तारेला चिकटून आहे. म्हणजे एक तर रास फिल्ममध्ये घ्यायचीच नाही, नाही तर..." तो अडखळला. "मला वाटलं, निदान रास तरी यावी. जागा थोडी बदलली. पलीकडे उजेड चांगला होता."

"उजेड!" मथुराबाई म्हणाली. "मी तुले सांगतलं होतं का नाई, थो कुठं पडला? जेवू घालून सांगतलं. कागदावर काय लिवलं हाये थेही सांगतलं. थे जे चौदा वर्षात कागदानं साबित करता नाई आलं, थे तू एका सकाळी करून टाकलं, उजेडासाठी! आता दिवाळीनंतर साहेब येतीन अन् म्हनतीन, पाहा, गावचीच फिल्म सांगून राह्यली, पल्याडच मेला. अन् वरून जंगल माफ करते म्हने! जंगलानं कोनाले माफ करायचं? गोळी का जंगलाले लागली होती?"

समीर म्हणाला, तिच्याच सुरक्षेसाठी गोळीचा भाग कापला, वाटलं तर शेवटी एक ओळ लिहून टाकतो. तिला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. ज्या माणसानं तिच्या घरी दोनदा भात मागितला, त्यानं तिच्या भावाला उचलून चांगल्या उजेडात ठेवलं होतं आणि आता एक ओळ देऊ करत होता.

"कोनं उचलले?" तिनं विचारलं. "गाववाले हात लावत नाईत. तुह्या पुण्याच्या पोट्ट्यायनं उचलले का?"

तिच्या शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

"मैंने उठाए थे, मम्मी." शुभम उठून उभा राहिला. "सुबह-सुबह. सर बोलले, ही रास तिकडे शिफ्ट कर. मले वाटलं, अशा राशी तर तिकडे हर जगह असतात. आणि ये तेरा भाऊ... मामा तो मलेरियानं गेला न?"

घरात पाय ठेवल्याबरोबर मथुराबाईनं सगळं सांगितलं, उभ्यानंच, पदर खोचलेला होता तसाच. शुभम खाली बसून ऐकत होता. तिला त्याचा राग आला होता. रीत माहीत नाही, मामा माहीत नाही, हात लावताना एकदा तरी विचारावं की नाही! पण रीत त्याला सांगितली कुणी? मामा लपवला कुणी? राग फिरून फिरून तिच्याच दारात येऊन उभा राहायचा आणि ती त्याला आत घ्यायला तयार नव्हती. तिनं सिंधुताईला फोन लावला.

"तुले दिसलं नाई का वो? माहा पोट्टा दगड उचलून राह्यला होता, अन् तू पाहत बसली?"

"दिसलं न, बाई," सिंधुताई म्हणाली. "उचलून झाल्यावर दिसलं. पन तुहाच पोरगा होता. मले वाटलं, तूनंच धाडला. तार लय जवळ आली म्हून भावाले दुसरीकडे नेत असंन. अन् इचारू कशी? तुही शपत होती, त्याच्यासमोर नावच काढायचं नाई."

मथुराबाईनं फोन ठेवला. आता भांडायला कुणी उरलं नव्हतं. तिनं चौदा वर्षं जपून ठेवलेलं गुपित तिच्याच पोराच्या हातून तिच्याच भावावर उलटलं होतं. तिनं भिंतीवर डोकं आपटलं नाही, ती त्यातली नव्हती. तिनं पातेलं आपटलं, आणि मग रडली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच पद्मनाभपूरला गेली. वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रास पाहणीआधी परत जागेवर आणा, चार गाववाल्यांसमोर. पण नुसती आणली तर ते म्हणतील, तुम्हीच आत्ता हलवली. ज्यानं उचलली त्यानं लेखी द्यायला हवं. नावानिशी, नात्यानिशी."

"म्या उचलली म्हून लिवा," मथुराबाई म्हणाली.

"फिल्मच्या लोकांबरोबर तुम्ही नव्हता. तुमचं तर गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं."

मथुराबाई उठून घरी आली. पोराचं नाव त्या कागदावर घालायचं नाही, एवढं तिनं मनाशी ठरवलं होतं. केवलराम तर गेलाच, आता जिवंत आहे त्याला कशाला जाळायचं? तिनं शुभमला एवढंच सांगितलं की आपण दगड परत ठेवायला जायचं, बाकी लिखापढी मी बघते. तो "हो" म्हणाला आणि तिनं विषय मिटवला.

भाऊबीजेच्या दिवशी मायलेक बेहडाटोल्याला पोचले. राजनांदगावहून बस, पुढं मोहला गावाहून जीप, शेवटचा टप्पा पायी, ती काठी टेकत. सिंधुताई आणि गावातली चार माणसं मोहाखाली थांबली होती. मोहाखाली जमीन मोकळी होती, पण अगदी मोकळी नाही. तिथं नऊ-दहा दगड पडलेले दिसले.

"लोकं इथंच टाकतेत," सिंधुताई म्हणाली. "रास कुठंही जावो. थो इथंच पडला न."

मथुराबाईनं पदर खोचला. आज रडायला वेळ नव्हता.

मोहापासून पुढं नाल्याकडं जायचं तर कॅम्पच्या फाटकापाशी वहीत नाव लिहावं लागतं. नाव, गाव, कशासाठी आले. ती वही बघितली की मथुराबाईचं डोकं तापायचं. स्वतःच्या माहेरात फिरायचं कारण दरवेळी कुणाला तरी लिहून द्यायचं! आतला जवान कोवळा होता, दूरच्या कुठल्या तरी मुलखातला. त्यानं वही पुढं सरकवली. मथुराबाईनं पेन घेतलं, पण शुभमनं ते तिच्या हातातून काढून घेतलं. त्यानं आधी पानं मागं उलटली. मागच्या थंडीतलं एक पान सापडलं. तिथं त्याच्याच अक्षरात होतं: शुभम, भिलाई. कारण: निसर्ग फिल्म शूटिंग.

"शुभम, पेन दे इकडं," मथुराबाई दबक्या आवाजात म्हणाली. "तुहं व्हेरिफिकेशन बाकी हाये. मी लिवतो. तू नोको लिवू, बाप्पा."

"मम्मी, तू चुप बैस," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला. मग खिशातून एक घडी केलेला कागद काढून तिच्या हातात ठेवला. वकीलबाईंच्या कचेरीचा शिक्का, खाली त्याची सही. ती वकीलबाईंकडून परत आल्यावर दोन दिवसांनी, ती 'लिखापढी' कसली ते विचारायला तो स्वतःच पद्मनाभपूरला जाऊन आला होता. मी, केवलरामचा सख्खा भाचा, अमुक दिवशी अल्याडची रास उचलून पल्याड नेली. पुढचं तिला वाचवेना.

तिला अस्सा राग आला! त्याच्यावर, स्वतःवर, त्या पुणेकरावर, त्या शिक्क्यावर. ज्या एका गोष्टीसाठी तिनं भावाचं नाव चौदा वर्षं गिळलं, ती गोष्ट त्यानं एका सहीत उधळून टाकली होती. ती कागद चुरगाळणार होती. पण तोवर तो वहीवर वाकला होता, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं बोलत होता, शाळेत कविता म्हणतात तसं, गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"शुभम. केवलरामचा भाचा. कारण: मामाचे दगड जागेवर ठेवणे."

जवानानं वही आपल्याकडं फिरवली. मराठी त्याला नीट वाचता आली नाही. "कौन केवलराम?"

"जो यहाँ मारा गया था," शुभम म्हणाला. "इस तरफ़. महुआ के नीचे. उस तरफ़ नहीं."

जवानानं वही मिटून बाजूला ठेवली. जनरेटर धडधडत होता. मथुराबाईनं कागदाची घडी पुन्हा नीट घातली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि नाल्याच्या वाटेला लागली. गुडघा ठणकत होता, तरी ती सगळ्यांच्या पुढं गेली. पल्याड त्या काळ्या खडकापाशी रास होती, पावसानं थोडी कलंडलेली, वर आईच्या जात्याची पाळी. तिनं ती दोन्ही हातांनी उचलली आणि मागून आलेल्या शुभमच्या हातात दिली.

"पैला दगड घरचा," ती म्हणाली. "तू ठेव."